बॅक्लोफेन: ताठरपणा किती सोडवायचा, किती राखायचा

पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यावर सुरुवातीचे काही दिवस एका बाजूचा हात-पाय लुळा पडलेला असतो. पुढच्या काही आठवड्यांत चित्र पालटतं. लुळा हात कोपरात वाकून छातीशी यायला लागतो, मूठ घट्ट मिटते. पाय मात्र सरळसोट ताठ होतो आणि पाऊल खाली-आत वळतं. शर्टाची बाही चढवायला दोन माणसं लागतात. मिटलेल्या मुठीत नखं रुततात, तळव्याला घाम साचून कातडी पांढरी पडते, वास येतो. मज्जारज्जूला मार लागलेल्या किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या माणसाच्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या घरातही थोड्याफार फरकाने हेच चालू असतं. अशा वेळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अनेकदा एक नाव उमटतं: बॅक्लोफेन.

हे औषध साठ वर्षांहून जुनं आहे. गोळी लहान आणि सहज मिळणारी. त्यामुळे ती घेणारे आणि देणारे दोघंही जरा निर्धास्त असतात. पण बॅक्लोफेनची मात्रा चढवण्याची आणि उतरवण्याची एक रीत आहे. किडनी कमकुवत असेल तर ते विषासारखं वागू शकतं. एकाएकी सोडलं तर जिवावर बेतू शकतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ताठरपणा कमी होणं आणि माणसाची रोजची कामं सोपी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा लेख आपल्या मनाने औषध सुरू करण्यासाठी नाही. ते सुरू झालं असेल किंवा सुरू करायचं ठरत असेल, तर काय पाहावं आणि डॉक्टरांना काय विचारावं, यासाठी आहे.

कोणत्या ताठरपणावर हे औषध चालतं?

कंबर धरली, मान अवघडली की मिळणाऱ्या गोळीलाही लोक 'मसल रिलॅक्संट'च म्हणतात. तिच्यात बहुतेक वेळा थायोकॉल्चिकोसाइड किंवा क्लोरझोक्साझोनसारखं औषध वेदनाशामकाच्या जोडीला असतं. तो आजार स्नायूंचा असतो आणि ती गोळी चार दिवसांची असते. बॅक्लोफेनचं क्षेत्र वेगळं आहे. इथे स्नायू मुळात धडधाकट असतात, बिघाड मेंदूत किंवा मज्जारज्जूत असतो. मेंदूकडून खाली येणारा लगाम सुटतो आणि मज्जारज्जूतल्या चेतापेशी जराशा ताणानेही स्नायूंना आकुंचनाचा हुकूम सोडत राहतात. याला वैद्यकात स्पास्टिसिटी म्हणतात.

तिची ओळख घरीही पटते. रुग्णाचं आखडलेलं कोपर अगदी सावकाश सरळ करा, बरंचसं उघडतं. तेच झटक्यात ओढायला गेलात तर मध्येच अडकतं. वेग वाढला की अडसर वाढतो, हे या ताठरपणाचं लक्षण. कितीही सावकाश केलं तरी सांधा एका ठरावीक जागी थांबतच असेल, तर स्नायू आणि कंडरा कायमच्या आखूड झालेल्या असू शकतात. त्यावर बॅक्लोफेनची कितीही मात्रा उपयोगी पडत नाही. तिथे स्प्लिंट, प्लास्टर किंवा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. तुमच्या घरच्या माणसात यातलं किती काय आहे, हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट तपासून घ्या. औषधाकडून किती अपेक्षा ठेवायची, ते तिथे ठरतं.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी, पण हमखास विसरली जाते. बरा चाललेला रुग्ण एकदम जास्त ताठायला लागला, पायात वरचेवर झटके यायला लागले, तर आधी कारण शोधा. लघवीत जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, चार दिवसांचा बद्धकोष्ठ, पाठीला किंवा टाचेला झालेली शय्याव्रणं, मांसात वाढलेलं नख, घट्ट बूट, कॅथेटरच्या नळीला पडलेली मोड. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला यातलं काहीच दुखत नाही. त्याचं शरीर ती तक्रार ताठरपणाच्या रूपाने करतं. ती ऐकून न घेता गोळी वाढवली तर आजार झाकला जातो, एवढंच.

फिट्सचं औषध म्हणून जन्म

बॅक्लोफेन १९६२ साली स्वित्झर्लंडमधल्या सिबा या कंपनीत हाइनरिश केबर्ले या रसायनशास्त्रज्ञाने तयार केलं. शोध चालला होता अपस्मारावरच्या, म्हणजे फिट्सच्या औषधाचा. मेंदूतल्या चेतापेशींना शांत करणारं गाबा नावाचं द्रव्य शरीरात असतंच, पण ते बाहेरून दिलं तर रक्तातून मेंदूत पुरेसं शिरत नाही. म्हणून गाबाच्या रेणूला क्लोरीन असलेला एक तुकडा जोडून तो आत शिरेल असा बनवला गेला. फिट्सवर त्याचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही. ताठ स्नायू मात्र सैल पडतात असं दिसलं आणि औषधाची वाट बदलली. अमेरिकेत १९७७ मध्ये त्याला स्पास्टिसिटीसाठी मान्यता मिळाली.

गंमत अशी की तोवर ते नेमकं कुठे काम करतं हे ठाऊक नव्हतं. १९८० मध्ये नॉर्मन बावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की बॅक्लोफेन गाबाच्या नेहमीच्या ग्राहीवर, म्हणजे रिसेप्टरवर, बसतच नाही, त्याची जागा निराळी आहे. पुढच्याच वर्षी त्या ग्राहीला 'गाबा-बी' असं नाव पडलं. त्या ग्राहीचं जनुक हाती लागायला १९९७ उजाडलं आणि ते शोधणारा गट होता नोव्हार्टिस कंपनीचा. म्हणजे जुनी सिबा पुढे ज्या कंपनीत विलीन झाली, तीच.

या इतिहासातून रुग्णाच्या कामाची एक गोष्ट कळते. बॅक्लोफेन स्नायूवर काम करत नाही, चेतासंस्थेवर करतं. गाबा-बी ग्राही मज्जारज्जूत आहेत, तसेच मेंदूतही आहेत. म्हणून तोंडावाटे घेतलेली गोळी पाय सैल करता करता डोळ्यांवर झापडही आणते. आणि ती एकट्या उजव्या हातावर किंवा एकट्या पोटरीवर कधीच काम करणार नाही. सगळ्या अंगावरच करणार.

आधी हेतू ठरवा

डॉक्टर रुग्णाचा सांधा हलवून ताठरपणाला शून्य ते चार असे गुण देतात. ही अ‍ॅशवर्थ श्रेणी. ब्रिटिश डॉक्टर ब्रायन अ‍ॅशवर्थ यांनी ती १९६४ मध्ये मांडली, तीही कॅरिसोप्रोडॉल या दुसऱ्याच एका स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाची चाचणी घेताना. १९८७ मध्ये तिच्यात एका पायरीची भर पडली आणि सुधारित श्रेणी आज जगभर वापरली जाते. बॅक्लोफेनच्या चाचण्यांत हे गुण खाली येतात, झटके कमी होतात, असं आढळलेलं आहे. पण रुग्ण त्यामुळे जास्त चालू लागला, स्वतःच्या हाताने जेवू लागला, याचा पुरावा तोंडी औषधाच्या बाबतीत तुटपुंजा आहे.

याचं कारण एखाद्या घरात सकाळी उभं राहिलं तर दिसतं. पक्षाघात झालेले आजोबा पलंगावरून उठून संडासापर्यंत जातात. त्यांच्या डाव्या मांडीत स्वतःचं बळ फारसं उरलेलं नाही. ते उभे राहतात ते गुडघा ताठ राहतो म्हणून. तो ताठरपणाच त्यांची काठी असते. औषधाने तो निघून गेला की गुडघा वाकतो आणि आजोबा खाली बसतात. तपासणीच्या टेबलावर अ‍ॅशवर्थचे गुण सुधारलेले असतात, घरात मात्र त्यांना आता धरून न्यावं लागतं.

म्हणून गोळी सुरू होण्याआधी हेतू कागदावर लिहून काढा. 'ताठरपणा कमी व्हावा' हे लिहू नका, काम लिहा. मूठ इतकी उघडावी की तळवा धुता येईल आणि नखं कापता येतील. रात्री झटक्यांमुळे चार वेळा झोपमोड होते, ती एकदा व्हावी. लंगोट बदलताना मांड्या वेगळ्या व्हाव्यात. खुर्चीत बसवल्यावर शरीर पुढे घसरू नये. असा हेतू दोन-तीन ओळींत लिहिलेला असला की महिन्याभराने औषधाचा हिशेब मांडता येतो. काम सोपं झालं तर ठेवायचं, नाही झालं तर डॉक्टरांशी बोलून हळूहळू काढून टाकायचं. काहीच फरक नसताना केवळ चिठ्ठीवर आहे म्हणून वर्षानुवर्षं चालू राहिलेल्या गोळ्या आपल्याकडे थोड्या नाहीत.

मात्रा: सावकाश चढायचं

प्रौढांसाठी ठरलेली रीत अशी आहे. दिवसातून तीन वेळा ५ मिलिग्रॅमने सुरुवात. तीन-तीन दिवसांनी प्रत्येक वेळची मात्रा ५ मिलिग्रॅमने वाढवत, उपयोग दिसेल तिथे थांबायचं. अनेकांना दिवसाला ४० ते ८० मिलिग्रॅमच्या दरम्यान गुण येतो आणि ८० ही नेहमीची कमाल मर्यादा. वयस्क माणसांत सुरुवात याहून कमी आणि चढ याहून संथ असावा. मुलांची मात्रा वय आणि वजन पाहून डॉक्टरच ठरवतात, मोठ्यांची गोळी अर्धी करून देण्याचा प्रश्नच नाही.

आपल्याकडे गोळ्या १० आणि २५ मिलिग्रॅमच्याही मिळतात. दोन पाकिटांची गल्लत झाली तर मात्रा एकदम अडीचपट होते. मेडिकलमधून पाकीट घेतलं की नावाबरोबर त्यावरचा आकडाही वाचायची सवय लावा. ५ मिलिग्रॅमसाठी १० ची गोळी मोडावी लागत असेल, तर दुकानातून गोळी कापायची डबी आणा. नखाने मोडलेले तुकडे सारखे होत नाहीत.

बॅक्लोफेनचा अंमल लवकर ओसरतो. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण तीन-चार तासांत निम्म्यावर येतं, म्हणूनच ते विभागून दिलं जातं. याचा उपयोग करून घेता येतो. सकाळी अंघोळ-कपड्यांच्या वेळी त्रास जास्त असेल तर त्याआधी तासभर गोळी पडेल असं पाहा. फिजिओथेरपीची वेळही तशीच जुळवा. रात्रीचे झटके छळत असतील तर झोपतानाची मात्रा थोडी मोठी आणि दिवसाची लहान, असं डॉक्टर करून देऊ शकतात. मळमळत असेल तर गोळी जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यावी.

सुरुवातीच्या दिवसांत झोप, चक्कर, अशक्तपणा, तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, लघवीच्या तक्रारी होऊ शकतात. बऱ्याच जणांत त्या काही दिवसांत निवळतात. तोवर दुचाकी, यंत्रं, जिन्यावरून एकट्याने उतरणं टाळा. झोप इतकी असेल की रुग्ण जेवताना पेंगतो, ठसका लागतो, तर पुढची वाढ थांबवून डॉक्टरांना कळवा. गिळायला आधीच त्रास असलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत अन्न जाण्याची भीती असते.

चिठ्ठीवरची बाकीची औषधंही दाखवा. झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलामसारखी चिंताशामकं, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, प्रेगाबालिन आणि गाबापेन्टिन, या सगळ्यांची गुंगी बॅक्लोफेनच्या गुंगीत मिसळते. दारूचंही तसंच. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उठताना रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. फिट्सचा आजार असेल, पार्किन्सनसाठी लेव्होडोपा चालू असेल, मानसिक आजाराचा इतिहास असेल, गर्भधारणेचा विचार असेल, तर ते आपणहून सांगा. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांकडून हे विचारायचं राहून जाऊ शकतं.

क्रिएटिनिन पाहिल्याशिवाय नको

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. बॅक्लोफेनचा बहुतांश भाग शरीरात न बदलता, जसाच्या तसा लघवीवाटे बाहेर पडतो. किडनी मंदावली की तो साचतो. साचलेलं औषध मेंदूवर चढतं. माणूस बरळतो, ओळख विसरतो, सुस्त पडतो, क्वचित श्वास मंदावून बेशुद्ध होतो. घरच्यांना वाटतं, पुन्हा झटका आला.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात किडनीचा जुना आजार असलेल्या वयस्क लोकांचा अभ्यास झाला आणि तो २०१९ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. नव्याने बॅक्लोफेन सुरू झालेले पंधरा हजारांहून अधिक रुग्ण त्यात होते. दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त मात्रा असलेल्यांपैकी १.११ टक्के रुग्णांना महिन्याभरात अशा मेंदूच्या गोंधळामुळे रुग्णालयात दाखल करावं लागलं. २० पेक्षा कमी मात्रेत हे प्रमाण ०.४२ टक्के होतं. औषध न घेणाऱ्यांत ते ०.०६ टक्के होतं. २० मिलिग्रॅम म्हणजे सकाळ-संध्याकाळ एकेक साधी गोळी. फार मोठी मात्रा नव्हे.

आपल्याकडे मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी आहेत, आणि पक्षाघात होणाऱ्यांत तर फारच. याच दोन आजारांनी किडनीही हळूहळू खराब होते. म्हणून बॅक्लोफेन सुरू होण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासलेलं असावं आणि त्यावरून काढलेला, किडनीचं काम सांगणारा ईजीएफआर हा आकडा डॉक्टरांच्या नजरेखालून गेलेला असावा. तो ६० च्या खाली असेल तर मात्रा कमी करावी लागते, ३० च्या खाली असेल तर शक्यतो दुसरा उपाय शोधला जातो. नुसतं क्रिएटिनिन पाहून बिनधास्त राहू नका. कृश, स्नायू झडलेल्या म्हाताऱ्या माणसात किडनी मंदावलेली असूनही क्रिएटिनिनचा आकडा बरा दिसू शकतो. चालू औषधातही जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

इथेच एक सापळा आहे. किडनी निकामी होत आलेल्या रुग्णांना पुष्कळदा न थांबणारी उचकी लागते आणि उचकीवर बॅक्लोफेनचा चांगला उपयोग होतो. मग रुग्ण जवळच्या दवाखान्यात जातो, उचकीसाठी दोन-तीन गोळ्या मिळतात आणि दुसऱ्या दिवशी तो उठत नाही. डायलिसिसवर असलेल्या माणसाने किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बॅक्लोफेनची एकही गोळी घेऊ नये. असा प्रसंग आलाच तर औषध रक्तातून काढायला डायलिसिसचाच उपयोग होतो, म्हणून दाखल करताना 'बॅक्लोफेन घेतलं होतं' हे पहिल्या वाक्यात सांगा.

सोडताना घाई नको

औषधाची सवय झालेल्या चेतासंस्थेतून ते एकदम काढून घेतलं की ती उसळते. ताठरपणा पूर्वीपेक्षा वाढतो, खाज सुटते, घाम येतो, ताप चढतो, माणूस भ्रमात जातो, नसलेली माणसं दिसू लागतात, फिट्स येतात. फार वाईट प्रसंगी स्नायू फुटून किडनी बंद पडते. हे घडायला एक-दोन दिवसांचा खंडही पुरतो. म्हणून बंद करायचं तर डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे, निदान एक-दोन आठवड्यांत, आणि मोठी मात्रा किंवा जुनी सवय असेल तर त्याहून सावकाश.

खंड मुद्दाम कुणी पाडत नाही. तो पडतो असा: दिवाळीत गावी गेल्यावर गोळ्या संपतात आणि तिथल्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत. जुनी चिठ्ठी हरवते. सांभाळणारी बाई बदलते. कुणी नातेवाईक सांगतो, 'एवढ्या गोळ्या कशाला, बंद कर बघू.' आणि सगळ्यांत धोक्याचं म्हणजे दुसऱ्याच आजारासाठी रुग्ण दाखल होतो, शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवला जातो आणि तोंडाने घ्यायची सगळी औषधं थांबतात. तिथल्या डॉक्टरांना बॅक्लोफेनची माहितीच नसते. तिसऱ्या दिवशी ताप आणि भ्रम सुरू झाला की सगळे जंतुसंसर्ग शोधत बसतात.

यावर उपाय साधे आहेत. घरात निदान दोन आठवड्यांच्या गोळ्या शिलकीत ठेवा. प्रवासात त्या हातातल्या पिशवीत असू द्या, डिकीतल्या बॅगेत नको. रुग्णाच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: औषधाचं नाव, दिवसाची मात्रा, कधीपासून चालू आहे आणि 'एकदम थांबवू नये' हे शब्द. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट गोळी देऊ नका, नेहमीचीच द्या.

पाठीच्या कण्यात थेट: पंपाची गोष्ट

गोळी पोटातून रक्तात, रक्तातून मेंदूत आणि मज्जारज्जूत जाते. यात मज्जारज्जूच्या वाट्याला थोडंच येतं आणि मेंदूच्या वाट्याला नको तेवढी झोप येते. शिकागोचे न्यूरोसर्जन रिचर्ड पेन आणि त्यांचे सहकारी जेफ्री क्रोइन यांनी १९८४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये वेगळा मार्ग मांडला: औषध मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यातच सोडायचं. १९८९ मध्ये त्यांच्या गटाने २० रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि गोळ्यांना न जुमानणारा ताठरपणा या मार्गाने उतरतो हे दाखवलं. अमेरिकेत १९९२ मध्ये मज्जारज्जूच्या आजारांसाठी आणि १९९६ मध्ये मेंदूच्या आजारांसाठी त्याला मान्यता मिळाली.

यात पोटाच्या कातडीखाली एक छोटा पंप बसवतात आणि तिथून बारीक नळी कण्यात नेतात. आधी कमरेतून साधारण ५० मायक्रोग्रॅम औषध टोचून काही तास पाहतात. अंग सैल पडलं तरच पुढे जातात. तोंडी मात्रेच्या शंभराव्या हिश्शानेही काम भागतं. पंपातलं औषध काही आठवडे ते काही महिन्यांनी कातडीतून सुईने पुन्हा भरावं लागतं आणि बॅटरी संपली की काही वर्षांनी पंपच बदलावा लागतो.

आपल्याकडे याचा खर्च काही लाखांच्या घरात जातो. पण पैशाआधी विचारायचा प्रश्न दुसराच आहे: पंप भरायला कुठे जायचं, आणि रात्री-अपरात्री पंप बिघडला तर तो समजणारे डॉक्टर किती अंतरावर आहेत? पंप रिकामा झाला किंवा नळी सटकली तर औषध एकाएकी थांबतं, आणि गोळीपेक्षा हा धोका मोठा असतो. पंप असलेल्या माणसाला पुरळ नसताना अचानक खाज सुटली, अंग पुन्हा ताठू लागलं, ताप आला किंवा पंपातून बीप बीप आवाज येऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं.

ताठरपणा एखाद्याच जागी असेल, म्हणजे नुसती मूठ किंवा नुसती पोटरी, तर त्या स्नायूत बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन देण्याचा पर्याय जास्त सोयीचा ठरतो. सगळं अंग झोपेत घालून एक पोटरी सैल करण्यात शहाणपण नाही.

उचकी, चेहऱ्याची कळ, दारू

गाबा-बी ग्राही शरीरात अनेक ठिकाणी असल्यामुळे बॅक्लोफेन इतर कामांसाठीही वापरून पाहिलं गेलं. दोन दिवसांहून जास्त टिकलेल्या उचकीवर ते दिलं जातं. पक्षाघातानंतरच्या अशा उचकीवर चीनमध्ये ३० रुग्णांची एक छोटी पण शिस्तशीर चाचणी झाली, तिचा निकाल बॅक्लोफेनच्या बाजूने लागला. चेहऱ्यावर विजेसारखी कळ येणाऱ्या ट्रायजेमिनल न्यूरॅल्जियात कार्बामाझेपिन पहिलं, आणि ते पुरेना किंवा सोसवेना तर बॅक्लोफेन जोडीला येतं. अन्ननलिकेचं खालचं झाकण अवेळी उघडण्याचं प्रमाण ते कमी करतं, त्यामुळे छातीतल्या चिवट जळजळीवर क्वचित दिलं जातं, पण झोप आणि चक्कर यांमुळे तिथे ते फारसं रुळलं नाही.

सगळ्यांत जास्त वाद झाला तो दारूच्या व्यसनावरून. ऑलिव्हिए आमेझाँ हे फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ स्वतः दारूच्या आहारी गेले होते. त्यांनी स्वतःवरच बॅक्लोफेनची मात्रा वाढवत नेली, थेट २७० मिलिग्रॅमपर्यंत, आणि दारूची ओढच नाहीशी झाल्याचं वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. २००८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि फ्रान्समध्ये हजारो लोक हे औषध मागू लागले. २०१४ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेने तात्पुरती परवानगी दिली. पुढे ३२०-३२० रुग्णांच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. एकीत फायदा दिसला, दुसरीत दारू पूर्ण सुटण्याच्या कसोटीवर फरक दिसला नाही. मोठ्या मात्रेत रुग्णालयात दाखल होण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण वाढतं, हेही २०१७ च्या पाहणीत पुढे आलं. २०१८ मध्ये फ्रान्सने रीतसर मान्यता दिली, पण कमाल मर्यादा ८० मिलिग्रॅमवर आणून.

दुसरीकडे, यकृताचा सिरॉसिस झालेल्या ८४ रुग्णांवर इटलीत लहान मात्रेची चाचणी झाली आणि ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. बॅक्लोफेन घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के दारूपासून दूर राहिले, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी २९ टक्के. दारू सोडवणारी काही औषधं खराब यकृताला झेपत नाहीत, म्हणून पोटविकारतज्ज्ञ अशा रुग्णांत बॅक्लोफेनचा विचार करतात. पण यकृत इतकं बिघडलं असेल की माणूस अधूनमधून भ्रमात जातो, तर तिथे हे औषध भ्रमात भर घालतं. आणि एक धोका घरच्यांनी ओळखायला हवा. पिणाऱ्याच्या नकळत डाळीत किंवा चहात गोळी मिसळून देण्याचे सल्ले लोक सर्रास देतात. बॅक्लोफेनच्या बाबतीत तो प्रकार जीवघेणा ठरू शकतो. त्याने वर दारू घेतली तर श्वास मंदावतो, आणि गोळी द्यायची राहिली तर फिट्स.

पुढच्या भेटीत हे विचारा

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या. हे औषध नेमकं कोणत्या कामासाठी आहे आणि ते काम साधलं का, हे आपण कधी तपासायचं? क्रिएटिनिन आणि ईजीएफआर शेवटचं कधी केलं, पुन्हा कधी करायचं? दिवसाची मात्रा जास्तीत जास्त किती होऊ द्यायची? चालू असलेल्या बाकीच्या गोळ्यांपैकी कोणती याच्याबरोबर नको? दाखल व्हायची वेळ आली आणि तोंडाने काही घेता येत नसेल तर काय करायचं? बंद करायचं ठरलं तर किती दिवसांत आणि किती-कितीने?

जोडीला आठवड्याची एक साधी नोंदवही ठेवा: रात्री झटक्यांनी किती वेळा जाग आली, कपडे घालायला किती वेळ लागला, पाय किती वेळा लचकला, दिवसा पेंग किती, शौच झालं की नाही. दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांना रुग्णाचा हात एकदाच हलवून पाहता येतो. उरलेला आठवडा तुमच्या वहीत असतो. वही असली की मात्रा वाढवायची, कमी करायची की दुसरा उपाय शोधायचा, याचा निर्णय अंदाजावर सोडावा लागत नाही.